ऊन गाळता येईल, पण पावसाचं काय?

चैत्र संपत आला की इंदूरच्या जुन्या वस्त्यांमधल्या गच्च्या पांढऱ्या दिसू लागतात. चुना रात्रभर भिजवायचा, नीट विरला की फडक्यातून गाळून घ्यायचा, चिकटून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक नाहीतर पांढरं सिमेंट मिसळायचं आणि ब्रशाने दोन हात मारायचे. खालच्या खोलीतला उकाडा लगेच कमी वाटतो, कारण ऊन स्लॅबमध्ये मुरून त्याची उष्णता व्हायच्या आतच बरंचसं परत फिरतं. आषाढातल्या दोन-चार जोरदार सरींत चुना धुऊन जातो आणि पुढच्या वर्षी परत लावावा लागतो.

सौर भूअभियांत्रिकी या भारदस्त नावामागची कल्पना एवढीच आहे. पृथ्वीवर येणाऱ्या उन्हातला थोडा भाग वरच्या वर परतवायचा, म्हणजे तापमान खाली येईल. मात्र गच्ची आपली स्वतःची असते. चुना लावावा की नाही हे आपण ठरवतो, आणि नाही आवडला तर शेजाऱ्याला त्याचा त्रास नसतो. आकाश सगळ्यांचं मिळून एकच आहे. या विषयावरचा सगळा वाद तिथून सुरू होतो, आणि मालव्यातल्या माणसाने तो समजून घ्यायला हवा, कारण आपलं सगळं सोयाबीन, गहू आणि पिण्याचं पाणी उन्हा-पावसाच्या ताळमेळावर उभं आहे.

शंभरातले दोन

आधी हिशोब. दिवस-रात्र, ध्रुव-विषुववृत्त अशी सगळी सरासरी काढली तर पृथ्वीच्या दर चौरस मीटरला सूर्याकडून सुमारे ३४० वॉट मिळतात. त्यातले साधारण ३० टक्के ढग, बर्फ, वाळू आणि हवेतली धूळ यांच्यावरून परत जातात. उरलेले २४० वॉट जमीन, समुद्र आणि हवा मिळून शोषून घेतात.

कारखाने येण्याआधी हवेत दर दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. तो २८० चा ५६० झाला, म्हणजे दुप्पट झाला, तर पृथ्वीची बाहेर जाणारी उष्णता दर चौरस मीटरला जवळपास ४ वॉटने अडते. एवढी वाढ झाकायची असेल तर येणारं ऊन दोन टक्क्यांहूनही थोडं कमीच अडवावं लागतं. शंभरातले दोन ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून पुष्कळांना हा उपाय सोपा वाटतो. पण ते दोन टक्के कुठून, कोणत्या उंचीवर, कोणत्या अक्षांशावर आणि किती वर्षं काढायचे, या प्रश्नांची उत्तरं बदलली की परिणामही बदलतात.

मार्ग दोन-तीन आहेत. एक म्हणजे समुद्रावरच्या खालच्या ढगांत खाऱ्या पाण्याचा अतिबारीक फवारा सोडायचा. ढगातले थेंब संख्येने वाढतात, आकाराने लहान होतात आणि ढग जास्त पांढरा होतो. १९९० मध्ये जॉन लॅथम यांनी हे सुचवलं आणि ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवरची पोवळी वाचवण्यासाठी २०२० पासून त्याच्या छोट्या चाचण्या सुरू झाल्या. अवकाशात आरसे लावण्याची कल्पना कागदावरच आहे. खरी चर्चा चालते ती तिसऱ्या मार्गाची: जमिनीपासून सुमारे २० किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात (ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात), गंधकाचे कण सोडण्याची.

याला कृत्रिम पाऊस समजू नये. कृत्रिम पावसात तयार ढगात मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण टाकतात. ते काम खालच्या हवेत, काही तासांचं आणि एका जिल्ह्यापुरतं असतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूरला त्याचे पद्धतशीर प्रयोग केले आहेत. दिल्लीत ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले तेही त्याच जातीचे, आणि ढगात पुरेशी ओल नसल्याने तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. विमानामागे दिसणारी पांढरी रेघ तर निव्वळ गोठलेली वाफ असते. आपण ज्याविषयी बोलतो आहोत ते आजमितीला जगात कुठेही मोठ्या प्रमाणावर सुरू नाही.

ज्वालामुखीने दाखवलेलं

ही कल्पना कुणाच्या डोक्यातून हवेत आलेली नाही. १५ जून १९९१ ला फिलिपीन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात फेकला. पुढच्या सव्वा-दीड वर्षात जगाचं सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरलं आणि कण खाली बसले तसं ते पूर्ववत झालं. रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, माणसानेच असे कण सोडावेत असं मांडलं होतं. पण हा विषय शिष्टसंमत झाला तो २००६ मध्ये. ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुत्झेन यांनी, जग उत्सर्जन कमी करत नसेल तर हा मार्ग निदान अभ्यासावा तरी, असा लेख लिहिला.

पिनाटुबोचं उदाहरण देताना तापमानाचा आकडा सगळे सांगतात. दुसरा आकडा क्वचित सांगितला जातो. ऑक्टोबर १९९१ ते सप्टेंबर १९९२ या वर्षात जगभरात जमिनीवरचा पाऊस ठळकपणे घटला, आणि नद्यांतून समुद्राला मिळणारं पाणीही नोंदीतल्या नीचांकाला गेलं. थंडावा आणि कोरड एकाच वेळी आली.

वर नेमकं काय न्यायचं

स्थितांबर का, हे आधी पाहू. खालच्या हवेतला गंधक पावसाबरोबर आठवड्या-दोन आठवड्यांत धुऊन जातो. वीस किलोमीटरवर पाऊस नाही, ढग जवळजवळ नाहीत, त्यामुळे कण वर्षभर टिकतात आणि वरचे वारे त्यांना गोलार्धभर पसरवतात. प्रवासी विमानं १० ते १२ किलोमीटरवर उडतात. विषुववृत्ताजवळ स्थितांबर सुरूच होतं ते सतरा-अठरा किलोमीटरला. म्हणजे आजची मालवाहू विमानं इथे कामाची नाहीत. त्या विरळ हवेत वजन पेलायचं तर पंख फार मोठे हवेत, चार इंजिनं हवीत आणि अशी विमानं नव्याने बनवावी लागतील.

२०१८ मध्ये वेक स्मिथ आणि गर्नोट वॅगनर यांनी याचा खर्च मांडला. एका फेरीत सुमारे २५ टन माल नेणारं विमान, पहिल्या वर्षी ४ हजार फेऱ्या, पंधराव्या वर्षी ६० हजारांवर. खर्च सरासरी वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलर, म्हणजे वीस हजार कोटी रुपयांच्या आसपास. एखाद्या मध्यम देशालाच काय, एखाद्या अतिश्रीमंत माणसालाही परवडेल अशी ही रक्कम आहे. हा उपाय स्वस्त आहे हे त्याचे समर्थक गुण म्हणून सांगतात. आमच्या मते त्याचा सर्वांत मोठा धोका तोच आहे. जी गोष्ट महाग असते तिच्यासाठी दहा जणांना एकत्र यावं लागतं, बोलावं लागतं. स्वस्त गोष्ट एकटाही करू शकतो.

वजनाची एक युक्तीही त्यात आहे. सल्फर डायऑक्साइड वायूचं निम्मं वजन ऑक्सिजनचं असतं, आणि ऑक्सिजन तर वरही मिळतो. म्हणून वितळवलेला गंधक न्यायचा, विमानातच जाळायचा आणि वायू सोडायचा. एक टन गंधकाचे दोन टन सल्फर डायऑक्साइड होतात.

वायू सोडला की काम झालं असं नाही. काही आठवड्यांत त्या वायूचं पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब तयार होतात. उन्हाला परत पाठवायला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही निम्म्याहून लहान थेंब सगळ्यांत चांगला. पण जिथे आधीच थेंब आहेत तिथे नवा वायू सोडला तर नवे लहान थेंब होण्याऐवजी जुने थेंब फुगतात. फुगलेला थेंब वजनाने लवकर खाली बसतो, ऊन कमी परतवतो आणि वरून खालून येणारी उष्णता शोषून स्थितांबरच तापवतो. म्हणजे दुप्पट गंधक टाकून दुप्पट गारवा मिळत नाही. जितका जास्त गारवा हवा तितका प्रत्येक पुढचा टन कमी कामाचा ठरतो. एक अंश उतरवायला दरवर्षी ढोबळ मानाने कोटभर टन वायू लागेल असं धरतात, आणि हे "दरवर्षी" महत्त्वाचं आहे. गच्चीवरचा चुना जसा दर उन्हाळ्यात लावावा लागतो, तसं हेही संपत नाही.

या थेंबांच्या पृष्ठभागावर ओझोन नष्ट करणाऱ्या क्रिया वेगाने होतात. पिनाटुबोनंतर ओझोन पातळ झाल्याचं मोजलं गेलं आहे. ध्रुवावरचं छिद्र भरत येत असताना ते भरणं लांबेल, ही भीती त्यामुळे खरी आहे. गंधकाऐवजी चुनखडीची भुकटी वापरावी असं काही जण म्हणतात, पण स्थितांबरात चुनखडी कशी वागते याचा अनुभव निसर्गाने कधी दिलेला नाही. गंधकाचा निदान ज्वालामुखींकडून मिळालेला आहे. खाली येणाऱ्या गंधकामुळे आम्लपाऊस होईल का, असंही विचारतात. होईल, पण जगभरातल्या वीजकेंद्रांतून आणि भट्ट्यांतून आजच याच्या कित्येक पट गंधक खालच्या हवेत जातो आहे, तेव्हा काळजीच्या यादीत हा मुद्दा बराच खाली येतो.

मालव्याचा पाऊस

आपल्याकडे पाऊस मिलिमीटरमध्ये कुणी मोजत नाही. "यंदा किती इंच झाला" असंच विचारतात. इंदूरची सरासरी साधारण ३७-३८ इंच, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून कुठल्याही हवामान उपायाला मालव्याचा पहिला प्रश्न पावसाचा असायला हवा.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गोविंदस्वामी बाला हे या क्षेत्रातल्या जगातल्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक. २००० मध्ये त्यांनी केन कॅलडेरा यांच्यासह संगणकावर ऊन कमी करून पाहिलं. हवामानाची घडी पार विस्कटेल असं वाटत असताना ती अपेक्षेपेक्षा बरीच नीट बसली. पण २००८ च्या त्यांच्या पुढच्या कामात एक खोच सापडली, आणि ती साध्या गणितात सांगता येते. कार्बन डायऑक्साइडमुळे तापमान एक अंश वाढलं तर जगाचा सरासरी पाऊस सुमारे १.५ टक्के वाढतो. ऊन कमी करून तापमान एक अंश उतरवलं तर पाऊस सुमारे २.४ टक्के घटतो. दोन्ही एकाच वेळी केलं तर तापमान जिथल्या तिथे राहतं, पण पाऊस ०.९ टक्क्याने कमी झालेला असतो. कारण असं की ऊन थेट पाण्यावर आणि मातीवर पडून वाफ करतं. ते कमी झालं की बाष्पीभवन घटतं. कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण मात्र मुख्यतः हवेला तापवतं. तापमापकाचा काटा जुन्या जागी आला म्हणजे हवामान जुन्या जागी आलं, असं होत नाही.

हा झाला जगाचा सरासरी आकडा. मान्सूनचं गणित त्याहून नाजूक आहे. वैशाखात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, हवा वर चढते आणि समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते. शिवाय पृथ्वीभोवतीचा पावसाचा मुख्य पट्टा नेहमी जास्त उबदार गोलार्धाकडे झुकतो. उत्तर गोलार्ध एकटाच गार केला तर हा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. विसाव्या शतकापासूनच्या नोंदींत आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातले चार सर्वांत कोरडे उन्हाळे पाहिले तर त्यातले तीन उत्तर गोलार्धातल्या दोन मोठ्या ज्वालामुखी स्फोटांच्या पाठोपाठ आलेले दिसतात: १९१२ ला अलास्कात, १९८२ ला मेक्सिकोत. बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर उत्तरेच्या १५ अंशावर कण सोडले तेव्हा उत्तरेकडच्या मान्सून प्रदेशांचा पाऊस घटला, दक्षिणेच्या १५ अंशावर सोडले तेव्हा वाढला.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनी म्हणूनच दोन्ही गोलार्धांत १५ आणि ३० अंशांवर, अशा चार ठिकाणांहून सोडायचं आणि दरवर्षी मोजमाप पाहून प्रमाण बदलायचं, अशी योजना संगणकावर तपासली. निकाल बरेच बरे आले. पण ही योजना चालायला दक्षिण गोलार्धातले विमानतळ हवेत, त्या देशांची संमती हवी आणि कुणी भांडून बाहेर पडायला नको. उद्या उत्तरेतल्या एखाद्या देशगटाने आपल्याच विमानतळांवरून काम उरकलं, तर नुकसान ज्यांचं होईल त्यांत आपण असू.

आता शेतात जाऊ. मालव्यात चार इंच पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये असा सल्ला असतो. पेरणीनंतर साधारण पस्तीस-चाळीस दिवसांत फुलं येतात, तोवर ओळी एकमेकींत मिसळून जमीन झाकली जाते. त्या वेळी झाडाकडे वाकून पाहिलं तर वरची पानं कडक उन्हात असतात, त्यांना मिळणारं ऊन त्यांना वापरताच येत नाही. खालची पानं सावलीत जवळजवळ रिकामी बसलेली. स्थितांबरातले कण ऊन नुसतं कमी करत नाहीत, ते विखुरतातही. एक भाग ऊन अवकाशात परत गेलं तर सरळ येणारं ऊन सुमारे चार भागांनी कमी होतं, आणि त्यातले तीन भाग आकाशभर पसरून खाली येतात. निळं आकाश पांढुरकं होतं, सावल्या फिकट होतात. अशा पसरलेल्या उजेडाचा खालच्या पानांना फायदा होतो, हे खरं आहे.

म्हणून पीक वाढेल असं पूर्वी मानलं जायचं. २०१८ मध्ये जोनाथन प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी पिनाटुबो आणि मेक्सिकोतल्या एल चिचोन या दोन स्फोटांच्या काळातली जगभरातली पिकं तपासली. पिनाटुबोच्या झाकोळामुळे मक्याचं उत्पादन सुमारे ९ टक्के, तर सोयाबीन, भात आणि गहू यांचं सुमारे ५ टक्के घटल्याचं त्यांना दिसलं. गारव्याने पिकाचा जेवढा फायदा होतो तेवढाच उजेड कमी झाल्याने तोटा होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मालव्यात तर श्रावण-भाद्रपदात आकाश आधीच भरलेलं असतं, उजेड आधीच पसरलेला असतो. तेव्हा खरिपाला पसरलेल्या उजेडाचा नफा आणखी कमी आणि एकूण उजेडाची घट मात्र तशीच, असा तर्क करावा लागतो. स्वच्छ आकाशात वाढणाऱ्या रब्बीच्या गव्हाचा हिशोब वेगळा निघेल. तो स्वतंत्र मांडायला हवा.

सौर विजेचंही विचारलं जातं. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले ते जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी, कारण नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायला वीज फार लागते. असे सपाट पॅनल पसरलेला उजेडही घेतात, त्यामुळे त्यांचं नुकसान थोडं होईल. आरशांनी ऊन एका जागी गोळा करणाऱ्या केंद्रांना मात्र सरळ ऊनच लागतं, त्यांना हे जड जाईल.

एक बाब आपल्या जिव्हाळ्याची. "शब-ए-मालवा" म्हणून आपल्या रात्री नावाजलेल्या आहेत. दिवस कितीही तापला तरी रात्री वारा सुटतो. कार्बन डायऑक्साइड रात्रीही उष्णता अडवतो. उन्हाची गाळणी रात्री काहीच करत नाही, दिवस थोडा कमी तापल्याचा जो लाभ रात्रीपर्यंत पोचेल तेवढाच. आणि समुद्रात विरघळणारा कार्बन डायऑक्साइड तर यातून अजिबात कमी होत नाही. समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकत राहतं.

थांबवायचं कसं?

समजा ही फवारणी पन्नास वर्षं चालली आणि तिने एक अंश वाढ झाकून ठेवली. खाली कोळसा, डिझेल जळतच राहिलं, पांघरूण जाड होत गेलं. मग एखादं महायुद्ध, आर्थिक कोसळणं किंवा भांडण झालं आणि विमानं जमिनीवर आली. कण वर्ष-दोन वर्षांत खाली बसतील. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहील. पन्नास वर्षांत हळूहळू आली असती ती वाढ दहा-वीस वर्षांत अंगावर येईल. सोयाबीनचा एक नवा वाण पैदास करून शेतापर्यंत पोचवायला दहा-बारा वर्षं लागतात. म्हणजे एका वाणाच्या आयुष्यात हवामान बदलून गेलेलं असेल. जंगलांना, पोवळ्यांना तर सरकायलाही वेळ मिळणार नाही.

याला उत्तर आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. कण वर्षभर टिकतात, त्यामुळे काही महिन्यांचा खंड चालतो. दोन-तीन देशांकडे जादा विमानं तयार असतील तर धक्का टाळता येईल. शिवाय मोठी वाढ झाकण्याऐवजी थोडीच झाकली तर थांबल्यावरचा धक्काही थोडाच. पण हे सगळं शहाणपण दोन-तीन पिढ्या न चुकता टिकेल, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

समर्थकांचं ऐकायला हवं असं

२०२४ हे जगाचं सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं वर्ष ठरलं. भर दुपारी स्लॅब टाकणारे मजूर, मंडीत पोती उचलणारे हमाल, पत्र्याच्या खोलीत राहणारी कुटुंबं, या लोकांना भारताचं निव्वळ उत्सर्जन २०७० ला शून्य होईल हे सांगून आज गारवा मिळत नाही. डेव्हिड कीथ यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की सगळी वाढ पुसायची नाही, निम्मीच झाकायची. २०१९ च्या एका अभ्यासात, निम्मी वाढ झाकली तर पाणी आणि टोकाच्या उष्णतेच्या बाबतीत जमिनीच्या अगदी थोड्या भागाचं नुकसान वाढतं असं दिसलं. त्या अभ्यासात कण सोडलेच नव्हते, सूर्य सगळीकडे सारखा मंद केला होता. तरीही हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही.

जहाजांचं उदाहरणही ते देतात. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली गेली. हवा शुद्ध झाली, पण समुद्रावरचे ढग पूर्वीइतके पांढरे राहिले नाहीत आणि थोडा झाकलेला उष्मा उघडा पडला. म्हणजे नकळत का होईना, गाळणी आपण लावलेलीच होती.

विरोध करणाऱ्यांची बाजू अशी: हा उपाय आहे म्हटलं की कोळसा बंद करायची घाई संपेल, आणि जगाचा थर्मोस्टॅट कोणी धरायचा याचं उत्तर कुणाकडेच नाही. २०२२ मध्ये फ्रँक बिअरमन आणि इतर अभ्यासकांनी या तंत्राचा वापरच करू नये असा आंतरराष्ट्रीय करार मागितला. आफ्रिकेच्या पर्यावरण मंत्र्यांनीही तीच मागणी उचलली. २०२४ मध्ये नैरोबीला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने नुसता अभ्यासगट नेमण्याचा ठराव आणला होता. एकमत होईना म्हणून तोही मागे घेतला.

प्रयोगांचंही तसंच. हार्वर्डचा प्रयोग दोन किलोहूनही कमी चुनखडी सोडणार होता. त्याआधीची नुसती बलूनची चाचणी २०२१ मध्ये स्वीडनच्या किरूना इथे व्हायची होती, त्यात कण नव्हतेच. तिथले मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांनी आम्हाला विचारलं का, असा प्रश्न केला. चाचणी रद्द झाली आणि मार्च २०२४ मध्ये सगळा प्रकल्पच बंद केला गेला. दुसरीकडे एका अमेरिकन नवउद्योगाने २०२२ मध्ये मेक्सिकोत कुणालाही न विचारता गंधकवायूचे बलून सोडले आणि "एक ग्रॅमने एका टन कार्बनची वर्षभराची भरपाई" म्हणून ते विकायला काढले. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने असे प्रयोग बंद करण्याची घोषणा केली. विचारून करणाऱ्यांचं थांबलं आणि न विचारणाऱ्यांचं उडालं, ही गोष्ट आम्हाला अस्वस्थ करते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसऱ्या एका खासगी कंपनीने याच कामासाठी ६ कोटी डॉलर उभे केले. ब्रिटनच्या सरकारी संस्थेने ५ कोटी ६८ लाख पौंड संशोधनाला दिले आहेत, त्यात मर्यादित मैदानी चाचण्याही आहेत.

आमचं मत स्पष्ट आहे. संगणकावरचा आणि प्रयोगशाळेतला अभ्यास सरकारी पैशाने, उघडपणे आणि आपल्याच संस्थांत जोराने चालावा. गारवा विकण्याचा धंदा मात्र कायद्याने बंद करावा. प्रत्यक्ष फवारणीला आज होकार देण्याइतकं कुणालाही काही कळलेलं नाही.

दोषाचा प्रश्न तर अजून कुणी हातातच घेतलेला नाही. ऑगस्ट २०२३ हा भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, पाऊस ३६ टक्के कमी. मालव्यात फुलावर, शेंगेवर आलेलं सोयाबीन त्यात होरपळलं. तेव्हा कुठेही फवारणी चालू नव्हती. उद्या चालू असताना असाच ऑगस्ट आला तर? आपला मान्सून तसाही वर्षाला दहा टक्के वर-खाली होतो. त्या चढउतारातून फवारणीचा वाटा वेगळा काढायला कित्येक दशकांच्या नोंदी लागतील. पीकविम्याचा दावा तर त्याच रब्बीच्या आधी निकाली निघायला हवा. भरपाई कोण देणार, कोणत्या न्यायालयात मागायची, पुरावा कोणता चालेल, याचं एक कलमही कुठल्या करारात नाही. १९७७ चा एक करार आहे, भारतही त्यात आहे, पण तो शत्रुत्वाने हवामान बदलण्यापुरता. भल्यासाठी म्हणून केलं आणि शेजाऱ्याचं बुडालं, हे त्यात बसत नाही.

भारताने यात काय मागावं, तर आधी आपल्या जमिनीचा बारीक नकाशा. हवामान खात्याचा रोजचा अंदाज मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकोनांत मांडला जातो. सौर भूअभियांत्रिकीचे बहुतेक अभ्यास मात्र शंभर किलोमीटरच्या आसपासच्या चौकोनांवर चालतात. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. घाट उतरलं की निमाड लागतो, तिथला उन्हाळा वेगळा, पाऊस वेगळा, कापूस-मिरचीचं पीक वेगळं. तेव्हा "मध्य भारतात पाऊस अमुक टक्के घटेल" असा आकडा वाचनात आला तर लक्षात घ्यायचं, की त्या गणितात इंदूरची गच्ची आणि महेश्वरचा घाट एकाच चौकोनात बसलेले आहेत, आणि दोघांना मिळून एकच पाऊस दिलेला आहे.